पाण्याची आगगाडी आणि जगाचा हिशेब

१२ एप्रिल २०१६ रोजी पहाटे मिरजेहून निघालेली एक मालगाडी लातूरला पोहोचली. तिच्या दहा वाघिणींत, प्रत्येकी पन्नास हजार लिटर याप्रमाणे, पाच लाख लिटर पाणी होते. कृष्णाकाठचे पाणी सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा लोहमार्ग तुडवीत मांजरेच्या खोऱ्यात आले, कारण धनेगावचे मांजरा धरण आटले होते आणि मराठवाड्यातील एका भरवस्तीच्या शहराचे नळ कोरडे पडले होते. पुढे वाघिणींची संख्या पन्नासवर गेली व एका खेपेस पंचवीस लाख लिटर पाणी येऊ लागले. त्याआधी, मार्च महिन्यात, पाणी भरण्याच्या ठिकाणी जमाव करण्यास जिल्हा प्रशासनाने १४४ कलमाखाली मनाई केली होती. जे कलम आपण दंग्याधोप्याच्या बातमीत वाचीत आलो, ते घागरी घेऊन उभ्या राहिलेल्या माणसांसाठी वापरावे लागले. शांतता ही वस्तू किती पातळ पडद्यामागे उभी असते, याचा याहून उघड पुरावा शोधायला परदेशी जाण्याचे कारण नाही.

पहिली गाडी आल्यानंतर दहाच दिवसांनी, २२ एप्रिल २०१६ रोजी, न्यूयॉर्क येथे हवामानविषयक पॅरिस करारावर राष्ट्रांनी सह्या केल्या. भारताच्या वतीने सही करणारे मंत्री महाराष्ट्राचेच होते, श्री. प्रकाश जावडेकर. लातूरची रांग आणि न्यूयॉर्कचे टेबल यांचा परस्परसंबंध त्या दिवसांत फारसा कोणी जोडला नाही. तो जोडला पाहिजे, परंतु सांभाळून जोडला पाहिजे.

सांभाळून अशासाठी की, मराठवाड्याला दुष्काळ नवा नाही. सह्याद्रीने अडविलेल्या पावसाच्या छायेतला हा प्रदेश आहे. २०१४ व २०१५ असे लागोपाठ दोन पावसाळे हुकले, एवढ्यावरून ते पाप थेट अमेरिकेच्या किंवा युरोपच्या धुराड्यावर लिहून मोकळे होणे शास्त्राला धरून होणार नाही. मात्र तापलेली हवा अधिक बाष्प धरून ठेवते, त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि जातो तेव्हा आठवडेच्या आठवडे तोंड दाखवीत नाही, हे शास्त्रज्ञ पुष्कळ वर्षे सांगत आहेत. आणि त्याची साक्ष आपले शेतकरी देतील. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने उभी रब्बी झोपविली. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात मुखेड तालुक्यातील लेंडीकाठची गावे रात्रीतून पाण्यात गेली, आणि सप्टेंबरात लातूर, नांदेड, धाराशिव, बीड या जिल्ह्यांतील सोयाबीन शेतातच कुजले. ज्या लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले, त्याच जिल्ह्यात नऊ वर्षांनी माणसे पुरातून बाहेर काढावी लागली.

या धुराचा हिशेब मांडायचा तर आकडे उघड आहेत. एक सरासरी भारतीय माणूस वर्षाला सुमारे २ टन कर्बवायू हवेत सोडतो. सरासरी अमेरिकन माणूस सुमारे १४ टन. एकूण बेरजेत भारताचा क्रमांक आज जगात तिसरा लागतो, हे खरे आहे आणि ते लपविण्यात अर्थ नाही; पण ती बेरीज एकशे चाळीस कोटींहून अधिक माणसांची आहे. शिवाय हवेत साठलेला वायू हा गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा साठा आहे. म्हणूनच १९९२ साली रिओ येथे झालेल्या करारात जबाबदारी सर्वांची सामाईक, पण वाटा ज्याच्या त्याच्या कर्तृत्वाप्रमाणे आणि ऐपतीप्रमाणे, असे तत्त्व मान्य झाले. तत्त्व मान्य होऊन तीन दशके उलटली. वाटा देण्याची वेळ आली की मात्र भाषा बदलते व ‘मदत’ हा शब्द येतो.

मदत म्हणजे काय, हे लातूरकरांना नीट ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा देशोदेशींहून तंबू, औषधे, पैसा आणि माणसे आली. भूकंपाला कोणी जबाबदार नव्हते, जे आले ते माणुसकीने आले, आणि त्याबद्दलची कृतज्ञता आजही आहे. परंतु ज्याच्या गिरणीच्या सांडपाण्याने शेजाऱ्याची विहीर नासली, त्याने दोन घागरी आणून दिल्या तर त्याला आपण दानशूर म्हणत नाही.

या बाबतीत महाराष्ट्राने जगापुढे एक उदाहरण ठेवलेले आहे आणि त्याची आठवण आपल्यालाच राहिलेली नाही. जून १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे पर्यावरणावरील पहिली मोठी जागतिक परिषद भरली व श्रीमती इंदिरा गांधी तिला उपस्थित राहिल्या. त्याच वर्षी महाराष्ट्रात पावसाने दगा दिला. त्या दुष्काळातील सुकडी आणि परदेशी लाल मिलो ज्यांनी खाल्ला, त्यांना त्याची चव अजून आठवते. खडी फोडण्याची कामे पूर्वीही निघत असत. पण ती सरकारची मेहेरबानी होती. श्री. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून जी रोजगार हमी योजना उभी राहिली, तिने १९७७ च्या कायद्यान्वये काम मागणे हा हक्क ठरविला. आणि पैसा? पगारदार वाचकांनी आपल्या वेतनपत्रकाकडे पाहावे. तेथे ‘व्यवसाय कर’ म्हणून जी रक्कम कापली जाते, तो कर १९७५ च्या कायद्याने मुख्यतः याच योजनेसाठी बसविण्यात आला, आणि तितकीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालावी असे ठरले. वर्षाला अडीच हजारांपलीकडे तो जात नाही. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाने अहमदपूरच्या कोरडवाहू मजुराला पोसावे, यात त्या कारकुनाचा काही अपराध नव्हता. एका राज्यात राहतो, एकाच्या हाती दरमहा ठरलेला पगार पडतो व दुसऱ्याचे पोट पावसावर आहे, एवढे कारण पुरेसे मानले गेले. योजनेत पुढे खोटी हजेरीपत्रके निघाली, गैरव्यवहार झाले, सगळे झाले. तरी पायाचा विचार खोटा ठरला नाही. या हमीचाच विचार २००५ साली देशाच्या कायद्यात उतरला.

जगाच्या पातळीवर असा व्यवसाय कर नाही. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी २०२० पर्यंत वर्षाला १०० अब्ज डॉलरचे वचन दिले. ते त्यांच्याच हिशेबाने २०२२ साली, दोन वर्षे उशिरा, प्रथम पुरे झाले, आणि त्यातील मोठा भाग कर्जाच्या रूपात. हानीच्या भरपाईसाठी निधी स्थापण्याचे २०२२ साली ठरले. २०२४ मध्ये बाकू येथे २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज डॉलरचा आकडा ठरला व भारताच्या प्रतिनिधीने तो अपुरा म्हणून तेथेच हरकत घेतली. त्याच २०२४ साली जगाने शस्त्रे व सैन्ये यांवर सुमारे २,७१८ अब्ज डॉलर खर्च केले. भरपाईचे जे वचन दहा वर्षांनंतरचे आहे, त्याच्या नऊपट रक्कम युद्धाच्या तयारीवर रोख मोजली गेली. आणि सैन्यांच्या धुराची मोजदाद राष्ट्रांनी द्यावीच, अशी सक्ती पॅरिस करारातही नाही.

आता आपल्या घरचेही बोलले पाहिजे. एक हेक्टर ऊस वाढवायला साधारण दोन कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे पन्नास वाघिणींच्या आठ गाड्या भरून आणल्या, तर त्यांतून एक हेक्टर ऊस उभा राहील. ज्या खोऱ्यातील शहराला प्यायला पाणी नव्हते, त्याच खोऱ्यात साखर कारखान्यांची धुराडी उभी आहेत, आणि ती कोणत्या परदेशी राष्ट्राने उभारलेली नाहीत. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे. हमखास भाव आणि हमखास गिऱ्हाईक त्याला दुसऱ्या कोणत्या पिकाने दिले? परंतु तूर आणि ज्वारी यांना असा आधार न देणे हा राज्यकर्त्यांचा निर्णय होता. जगाच्या दारी न्याय मागायला जाणाऱ्याला हा प्रश्न विचारला जाणारच. त्याचे उत्तर तयार ठेवण्याने मागणी दुबळी होत नाही.

पाण्यावरून युद्धे होतील, असे भाकीत वरचेवर केले जाते. नांदेड जिल्ह्याचा अनुभव थोडा निराळा आहे. धर्माबाद तालुक्यातील बाभळी येथे गोदावरीवर २.७४ टीएमसीचा बंधारा उभा राहू लागला, तो पोचमपाडच्या जलाशयाच्या फुगवट्यात येतो म्हणून आंध्र प्रदेश २००६ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २०१० मध्ये श्री. चंद्राबाबू नायडू आपल्या आमदारांसह बंधाऱ्याकडे निघाले व त्यांना धर्माबादला अडवून अटक करण्यात आली, सीमेवर एस. टी. गाड्यांना कळ सोसावी लागली, दोन्हीकडे भाषणे तापली. ज्यांच्या सोयरिकी नदीच्या दोन्ही काठांवर आहेत, ती माणसे काही दिवस एकमेकांकडे संशयाने पाहू लागली. २८ फेब्रुवारी २०१३ रोजी न्यायालयाने निकाल दिला. बंधारा राहील, १ जुलै ते २८ ऑक्टोबर दरवाजे उघडे राहतील, १ मार्चला ०.६ टीएमसी पाणी खाली सोडले जाईल. आणि देखरेखीला केंद्रीय जल आयोगाचा एक व दोन्ही राज्यांचा एकेक अशी तिघांची समिती राहील. निकाल कोणालाच पुरता रुचला नाही. पूर वाहतो तेव्हा दरवाजे उघडे आणि पाऊस सरल्यावर बंद, ही येथील शेतकऱ्यांची तक्रार रास्तच आहे. पण तारखा ठरल्या आणि भांडण रस्त्यावरून उठून कागदावर गेले.

जगाच्या हवेसाठी अशा तारखा ठरविणारे न्यायपीठ नाही. २०१९ साली पॅसिफिक बेटांवरच्या कायद्याच्या काही विद्यार्थ्यांनी आपल्या सरकारांना हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात नेण्याची गळ घातली. वानुआतू या चिमुकल्या राष्ट्राने तो संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडला, आणि २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या न्यायालयाने मत दिले की हवामानाचे रक्षण करणे हे राष्ट्रांचे कायदेशीर कर्तव्य आहे व ते मोडल्यास भरपाईचाही प्रश्न येऊ शकतो. मत सल्ल्याचे आहे; बजावणीला शिपाई नाही. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकेने पॅरिस करारातून दुसऱ्यांदा बाहेर पडण्याचा हुकूम काढला होता. तरी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या मुलाने ते मत मिळवून वाचावे. ज्यांनी ते घडवून आणले, ती त्याच्यासारखीच विद्यार्थी मुले होती.

इकडे १ जुलै आला की दोन्ही राज्यांचे अधिकारी बाभळीला जमतात. चौदा दरवाजे एकामागून एक वर उचलले जातात, साठलेले पाणी तेलंगणाच्या दिशेने निघते, आणि काठावर उभे असलेले शेतकरी थोडा वेळ ते पाहतात, निकालाला नावे ठेवतात व पेरणीला परततात.