उपग्रहाच्या मापाला दुरुस्तीची जोड



आपल्या कार्यक्षेत्रातील गावांत अलीकडे एक नवा नाद शिरला आहे. आयटीआय किंवा इंजिनिअरिंग शिकलेली पोरे काड्यापेटीएवढा इलेक्ट्रॉनिक बोर्ड मागवतात, त्याला बशीसारखी अँटेना जोडतात आणि घरी सांगतात, "अण्णा, आता आपला बांध बोटाच्या अंतरापर्यंत कळणार." अण्णा विचारतात, "मोबाईलमध्ये नकाशा आहेच की, मग हे कशाला?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट कळले नाही तर पैसे वाया जातात, आणि अर्धवट कळले तर भाऊबंदकी पेटते. म्हणून या विषयाला या अंकात जागा दिली आहे.

आधी हिशेब पाहू. उघड्या माळावर साधा मोबाईल आपली जागा तीन ते पाच मीटरच्या फरकाने दाखवतो. शंभर मीटर लांबीच्या बांधावर एक मीटरची चूक म्हणजे शंभर चौरस मीटर, आणि गुंठा १०८९ चौरस फुटांचा, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटरांचा. एका मीटरला एक गुंठा! मोबाईल हातात धरून बांध ठरवणारा माणूस तीन ते पाच गुंठ्यांचा घोळ घालू शकतो. एवढ्या जमिनीवरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेली घरे प्रत्येक गावात आहेत.

ही चूक येते कोठून? जीपीएसचे उपग्रह आपल्यापासून सुमारे वीस हजार दोनशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. तिथून निघालेला रेडिओ संदेश सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या सातपट वेळात आपल्यापर्यंत येतो, आणि त्या वेळेवरून रिसीव्हर अंतर काढतो. वेळ एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाने जरी चुकली तरी अंतर तीस सेंटिमीटरने, म्हणजे फूटभराने चुकते. उपग्रहाचे घड्याळ किंचित पुढे-मागे असते, त्याची कक्षा सांगितल्यापेक्षा थोडी सरकलेली असते, आणि वरच्या विद्युतभारित थरातून व खालच्या दमट हवेतून येताना संदेश रेंगाळतो. सन २००० च्या मे महिन्यापर्यंत तर अमेरिकन सरकार सामान्यांच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे. ती मिसळ बंद झाली; निसर्गाची चूक राहिली.

यावर उपाय आपल्या वजनकाट्यावर रोजच्या पाहण्यातला आहे. काटा बरोबर आहे की नाही हे कसे तपासतात? प्रमाणित वजन ठेवून. समजा एक टनाचे वजन ठेवले आणि काट्याने एक टन वीस किलो दाखवले, तर वीस किलो जास्त येतात हे कळले. उपग्रहाच्या मापातही हेच करतात. एक रिसीव्हर पक्क्या जागेवर कायम बसवतात, त्या जागेचे अक्षांश-रेखांश आधीच नीट काढलेले असतात. याला बेस म्हणतात. उपग्रहाकडून येणारे माप आणि खरे माप यांत या घडीला किती फरक पडतो ते बेसला समजते, आणि तो फरक शेतात फिरणाऱ्या दुसऱ्या रिसीव्हरला, म्हणजे रोव्हरला, रेडिओने किंवा मोबाईलच्या इंटरनेटने सतत कळवला जातो. दोघांच्या डोक्यावरचे आकाश जवळपास सारखेच, म्हणून चूकही सारखीच, आणि ती वजा होते. फरक इतकाच की काटा अधूनमधून तपासतात, इथे दर सेकंदाला तपासणी चालते.

एवढ्यानेही बोटभर अंतर लागत नाही. त्यासाठी हे बोर्ड रेडिओ लाट स्वतःच मोजतात. जीपीएसच्या मुख्य लाटेची लांबी सुमारे १९ सेंटिमीटर, आणि लाटेचा अगदी लहान अंशही बोर्डाला ओळखता येतो. अडचण अशी की मध्ये पूर्ण लाटा किती गेल्या हे त्याला ठाऊक नसते. टेपवरचे इंच स्पष्ट दिसताहेत, पण फुटांचे आकडे पुसले गेले आहेत, असा हा प्रकार. अनेक उपग्रह आणि दोन-दोन लहरी एकत्र धरून बोर्ड तो पुसलेला आकडा शोधतो. सापडला की पडद्यावर 'फिक्स' येते. तोवर 'फ्लोट' असते. फिक्स झाल्यावर चूक एक-दोन सेंटिमीटरवर येते, फ्लोटमध्ये ती वीतभर किंवा त्याहून जास्त असू शकते. पोरांना आमचे सांगणे एवढेच, की फ्लोट असताना खुंटी ठोकू नका.

आता बाजारातल्या बोर्डांविषयी, कारण फसगत इथेच होते. स्वित्झर्लंडच्या यू-ब्लॉक्स कंपनीचा झेड-एफ९पी हा हौशी मंडळींत फार चालणारा रिसीव्हर आहे. तो जागा काढतो, पण बोटभर काढायला त्याला दुरुस्ती बाहेरून मिळावी लागते. त्याच कंपनीचा निओ-डी९एस दिसायला त्याचाच भाऊ, पण काम वेगळे. तो जागा काढतच नाही. विषुववृत्तावर सुमारे छत्तीस हजार किलोमीटर उंच, एका जागी स्थिर दिसणाऱ्या दळणवळण उपग्रहाकडून १५२५ ते १५५९ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात येणारे दुरुस्ती संदेश तेवढे तो ऐकतो आणि तारेने पहिल्या बोर्डाला देतो. मोबाईलची रेंज नसलेल्या रानात हे फार सोयीचे. मात्र ते संदेश वर्गणीचे असून कुलूपबंद असतात, किल्ली ठराविक मुदतीने बदलते, आणि कंपनीने उपग्रहावरून ही सेवा सुरू केली ती युरोप व अमेरिकेसाठी. आपल्या शिवारावर संदेश येत नसेल तर बोर्ड कितीही चांगला असो, तो मुका रेडिओ. म्हणून दुकानदाराला बोर्डाची किंमत विचारण्याआधी, आमच्या गावी दुरुस्ती कोणाची मिळणार, हे विचारावे.

फुकटातही काही मिळते. आपला 'गगन' हा इस्रो व विमानतळ प्राधिकरणाने मिळून विमानांसाठी उभारलेला प्रकल्प. देशभरातील १५ केंद्रांवरून चूक मोजून ती जीसॅट उपग्रहांमार्फत कळवली जाते, आणि साधे बोर्डही ती ऐकू शकतात. पण त्याने काम मीटर-दीड मीटरपर्यंत येते. धावपट्टीला ते पुरे, बांधाला नाही. युरोपियन संघाने २४ जानेवारी २०२३ रोजी गॅलिलिओ उपग्रहांवरून मोफत दुरुस्ती सेवा सुरू केली, तिचे उद्दिष्ट वीस सेंटिमीटरच्या आसपासचे. तिची लहर निराळी आहे आणि झेड-एफ९पी ती ऐकत नाही. फुकट म्हणून धावू नये.

आपल्या आकाशाची एक खोड इथे सांगितली पाहिजे. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. केरळात थुंब्याची जागा अग्निबाणांसाठी निवडली गेली आणि २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण उडाला, ते याच कारणाने. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना आकाशातला विद्युतभारित थर दिवस मावळल्यावर खवळतो. तेव्हा उपग्रहांचा संदेश लुकलुकतो, फिक्स तुटतो आणि बोर्ड बिघडल्यासारखे वाटते. बोर्ड ठीक असतो. मापाचे काम सकाळी उरकावे, दिवेलागणीनंतर करू नये. तसेच पत्र्याच्या शेडजवळ, उंच झाडाखाली किंवा बारा महिन्यांच्या उभ्या उसात अँटेना धरून उपयोग नाही. तिला मोकळे आकाश हवे.

आमच्या मते उसाच्या शेतकऱ्याला बांधापेक्षाही मोठा फायदा सरीत आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडचे ऊस उत्पादक यंत्राने तोडणी करतात, आणि तिथे वर्षानुवर्षे उतारा घटत चालला होता. १९९३ पासून अनेक संस्थांनी मिळून त्याचा अभ्यास केला. सततचा ऊस आणि अती नांगरट यांच्याबरोबर तिसरे कारण सापडले ते चाकांचे. सऱ्या दीड मीटरच्या आणि यंत्राच्या चाकांमधले अंतर १.८ मीटरच्या वर, त्यामुळे चाक खोडक्याशेजारची जमीन दाबत जाई आणि पुढचा खोडवा खुरटे. उपाय म्हणून सऱ्या चाकांच्या अंतराला जुळवल्या आणि ट्रॅक्टर व तोडणी यंत्र उपग्रहाच्या दुरुस्त मापावर त्याच वाटेने दरवर्षी फिरवले. चाकाची वाट ठरलेली, उसाची माती भुसभुशीत. आपल्याकडे तोडणी कामगारांची टंचाई वाढते आहे, यंत्रे येताहेत, आणि "यंत्राने खोडवा बसतो" ही तक्रार गट कार्यालयांत ऐकू येते. तिचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून जुळत नसलेल्या सरीत असते.

इथे एक भेद ध्यानात ठेवावा. सरीसाठी दरवर्षी तीच जागा मिळाली की झाले. बेसची स्वतःची जागा मीटरभर चुकीची नोंदली असली तरी चाक आपल्या वाटेवरच राहील, फक्त बेस हलवायचा नाही. बांधाला हे चालत नाही. तिथे बेसची एक मीटर चूक प्रत्येक खुंटीत उतरते, आणि पडद्यावर फिक्स दिसत असल्याने माणूस बिनधास्त असतो. शिवाय घरच्या बोर्डाच्या मापाला कायद्याचा आधार नाही. मोजणी भूमिअभिलेख खात्याचीच. हे खातेही आता रोव्हर वापरते आणि त्यांना भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कायम केंद्रांच्या जाळ्यातून दुरुस्ती मिळते. दोन साखर कारखान्यांमधील हवाई अंतराचा दाखलाही याच विभागाकडून घ्यावा लागतो, हे जुन्या संचालकांना आठवत असेलच. घरच्या मापात फरक दिसला तर शेजाऱ्याच्या दारी न जाता मोजणीचा अर्ज करावा.

मग बेस कोणी बसवायचा? एकेकट्या सभासदाने बोर्ड, अँटेना, वर्गणी असा खर्च करणे आम्हाला पटत नाही. बेसपासून दर किलोमीटरला चूक साधारण मिलिमीटरने वाढते, आणि दहा-वीस किलोमीटरपर्यंत काम समाधानकारक चालते. कारखाना मधोमध धरला तर आपले बहुतेक गट या टप्प्यात येतात. एक बेस सर्वांना पुरतो, ऐकणारे कितीही असोत. लिफ्ट इरिगेशनच्या सोसायट्या आपण याच हिशेबाने काढल्या. कारखान्याच्या इमारतीवर मात्र तो बसवू नये. चिमणी आणि पत्र्यांवरून संदेश परावर्तित होऊन येतात. शेतकी खात्याच्या रोपवाटिकेत काँक्रीटचा खांब, वर अँटेना, शेजारी वीजरोधक आणि वीज गेल्यावर चालणारी बॅटरी, एवढी सामग्री लागेल. खांबाची जागा सर्वेक्षण विभागाच्या जाळ्याशी जोडून घ्यावी, म्हणजे पुढे शंका नको. देखभालीला काट्यावरच्या कारकुनाइतका जबाबदार माणूस हवा, कारण दुरुस्ती थांबली की बोर्ड गप्प बसत नाही, मीटरभर चुकीचे आकडे तसेच दाखवत राहतो.

हा विषय वार्षिक सभेपुढे यावा असे आम्हाला वाटते. त्याआधी ज्यांच्या घरी असे बोर्ड आहेत त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नाव, गाव आणि बोर्डाचा प्रकार कळवावा. किती जणांना दुरुस्ती हवी आहे हे समजल्याशिवाय खर्चाचा अंदाज मांडता येणार नाही.