तेंजिनदाइरा : बोगद्याच्या अलीकडचा हिमप्रदेश

टोकियोहून एका दिवसात स्कीइंग करून परतू पाहणाऱ्यांची बहुतेक गर्दी जोएत्सू शिनकानसेनने निगाता प्रांतातील युझावा गाठते आणि वाटेत २२ किलोमीटरहून लांब अशा दाइ-शिमिझू बोगद्यातून जाताना आपण कोणत्या डोंगररांगेच्या पोटातून चाललो आहोत, याचा तिला पत्ताही नसतो. ती रांग तानिगावादाकेची. तिच्या टोकियोकडच्या उतारावर, गुन्मा प्रांतातील मिनाकामी या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावाच्या वर, तेंजिनदाइरा हे छोटेसे स्कीस्थळ आहे. लिफ्ट मोजक्याच आणि उतार बरेचसे सरावलेल्यांसाठीच असल्याने कुटुंबे इकडे कमी फिरकतात. हिमाच्या बाबतीत मात्र हे ठिकाण युझावाच्या नामांकित मैदानांना हार जाणारे नाही.

याचे कारण जागेत आहे. हिवाळ्यात सायबेरियाकडून येणारे थंड, कोरडे वारे जपानच्या समुद्रावरून वाहताना तिथल्या तुलनेने उबदार पाण्याची वाफ शोषून घेतात आणि होन्शू बेटाच्या मध्यभागातील डोंगर चढताना ती हिमाच्या रूपाने टाकून देतात. त्यामुळे निगाताची बाजू हिमाखाली गाडली जाते, तर पलीकडे कांतोच्या मैदानात तेच वारे कोरडे होऊन उतरतात. गुन्मातील लोक या बोचऱ्या वाऱ्याला काराक्काझे म्हणतात. नकाशाप्रमाणे तेंजिनदाइरा या कोरड्या, म्हणजे पर्जन्यछायेच्या बाजूला पडते, परंतु ते पाणलोटाच्या कण्याला इतके खेटून आहे की माथा ओलांडून आलेले ढग आपला बराचसा भार इथेच रिता करतात. म्हणूनच इथला हंगाम साधारणपणे डिसेंबरपासून मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत चालतो.

तानिगावादाकेची उंची अवघी १,९७७ मीटर आहे. पण जगातील फार थोड्या डोंगरांनी इतके बळी घेतले असतील. १९३१ पासूनच्या नोंदींत मृतांचा आकडा ८०० च्या वर जातो आणि त्यांपैकी पुष्कळ जण पूर्वेकडील इचिनोकुरासावासारख्या उभ्या कातळकड्यांवर गेले. सप्टेंबर १९६० मध्ये त्याच कड्यावर दोराला लटकलेले दोन गिर्यारोहकांचे मृतदेह खाली आणण्यासाठी स्वसंरक्षण दलाच्या जवानांना गोळ्या झाडून दोर तोडावा लागला होता. डोंगरावर रोपवे सुरू झाला तोही त्याच वर्षी. जुन्या रोपवेची जागा २००५ मध्ये फुनितेल पद्धतीच्या रोपवेने घेतली; या पद्धतीत प्रत्येक डबा दोन समांतर दोरांना धरून चालत असल्यामुळे जोराच्या वाऱ्यातही तो फारसा डोलत नाही. ७४६ मीटरवरच्या पायथ्यापासून १,३१९ मीटरवरच्या तेंजिनदाइरापर्यंत तो सुमारे १५ मिनिटांत नेतो. वर पोचल्यावर आखलेल्या उतारांबाहेर जाण्याचा मोह होतो खरा, परंतु तिथे हिमस्खलनाचा धोका खरा असल्यामुळे नोंद न करता आणि आवश्यक साधने न घेता बाहेर पडणे हा निव्वळ अविचार ठरतो.

इथे पोचण्याची सोपी वाट म्हणजे शिनकानसेनने सव्वा तासाच्या आसपास जोमोकोगेन स्थानक गाठून पुढे बसने पायथा गाठणे. अधिक रंजक वाट जुन्या जोएत्सू मार्गाची आहे, तीही दोआइ स्थानकावर उतरण्याची. या मार्गावरचा ९,७०२ मीटर लांबीचा शिमिझू बोगदा १९३१ मध्ये खुला झाला आणि यासुनारी कावाबाता यांच्या ‘युकिगुनी’ या कादंबरीचा आरंभ त्याच बोगद्यातल्या रेल्वेप्रवासाने होतो. १९६७ मध्ये १३,४९० मीटर लांबीचा दुसरा बोगदा झाल्यावर जुना मार्ग टोकियोकडे येणाऱ्या गाड्यांना आणि नवा तिकडून जाणाऱ्यांना मिळाला. त्यामुळे दोआइचे एक फलाट जमिनीवर राहिले, तर दुसरे सुमारे ७० मीटर खाली नव्या बोगद्यात गेले. टोकियोकडून येणारा प्रवासी या खालच्या फलाटावर उतरतो आणि स्की खांद्यावर घेऊन ४६२ पायऱ्यांचा सरळ जिना चढू लागतो. वर आल्यावर स्थानकाच्या दारापर्यंत आणखी २४ पायऱ्या असतातच. जिन्याच्या कडेला सरकत्या जिन्यासाठी राखलेली जागा दिसते, पण सरकता जिना काही तिथे आला नाही. भर उन्हाळ्यातही इथली हवा गार असते. वरून पायथ्याचे रोपवे स्थानक पायी वीसेक मिनिटांवर आहे.

परतताना चढ-उतार करावा लागत नाही, कारण टोकियोकडची गाडी जमिनीवरच्या फलाटावरूनच सुटते आणि युबिसोच्या आधी डोंगराच्या पोटात पूर्ण वळसा घेऊन उंची कमी करते. मात्र या मार्गावर दिवसभरात मोजक्याच गाड्या धावतात आणि एक चुकली की पुढच्या गाडीसाठी काही तास ताटकळावे लागू शकते. त्यामुळे सकाळीच वेळापत्रक पाहून शेवटचा उतार कधी घ्यायचा ते ठरवावे, आणि ते न जमल्यास पायथ्याहून सुटणारी मिनाकामीची बस धरावी.