पेल्याची पारख

पावसाळ्यात अंगणात उगवणारी छत्री आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. परंतु कवकांच्या राज्यात छत्रीऐवजी वाटीचा आकार घेणारीही पुष्कळ मंडळी आहेत. शेणावर, खताच्या ढिगावर, क्वचित ओल धरलेल्या भिंतीवरही त्यांचे पेले दिसतात. आता असे समजा, की पर्वतीच्या दक्षिणेकडील बिबवेवाडीत, एका बागेतील कुजक्या फांदीवर, कडेला केस असलेला गुलाबी पेला उगवला आहे. हा कोण? केवळ रंग पाहून उत्तर देता येईल काय?

आमचे उत्तर असे, की येणार नाही. रंग उन्हाने उडतो, आकार वयाप्रमाणे पालटतो, आणि मुळीच नाते नसलेली दोन कवके वरून सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. खरी साक्ष पेल्याच्या आतल्या अस्तरात असते.

पात्याने या अस्तराचा पातळ काप घ्यावा, पाण्याच्या थेंबात ठेवावा आणि सूक्ष्मदर्शकाखाली 400 पट मोठा करून पाहावा. लांबट पिशव्या दाटीने उभ्या दिसतात. या पिशवीस शास्त्रात धानी म्हणतात. प्रत्येक धानीत बहुधा 8 बीजाणू असतात. पिकलेल्या पेल्यावर फुंकर घातली असता कधी कधी धूर उठल्यासारखा दिसतो. तो धूर म्हणजे अशा असंख्य पिशव्यांतून एकदम उडालेले बीजाणूच होत.

पहिला प्रश्न हा, की पिशवी उघडते कशी? काहींच्या टोकाला डबीसारखे झाकण असते, तर काहींच्या टोकाला नुसते छिद्र पडते. बूदिए या फ्रेंच औषधविक्रेत्याने 1879 नंतरच्या काळात याच भेदावर पेल्याच्या कवकांची विभागणी उभारली. रिकाम्या झालेल्या पिशव्या शोधल्या म्हणजे झाकण सहज सापडते.

आपल्या पेल्याच्या पिशवीस झाकण आहे, परंतु ते टोकाच्या मध्यावर नसून एका अंगास कललेले आहे असे दिसले, तर शोध बराच आवळला जातो. मग आयोडिनयुक्त द्रावणाचा थेंब सोडावा. 'पेझायझा' या खतावर वाढणाऱ्या वंशात पिशवीचे टोक निळे होते. आपल्या नमुन्यात ते झाले नाही, म्हणजे पेझायझा बाद. आता बीजाणू पाहावेत. 'स्क्युटेलिनिया' हा लाल, पापणीसारखे केस असलेला पेला असतो. त्याच्या बीजाणूंवर बहुधा पुळ्यांसारखे उंचवटे असतात. आपल्या नमुन्याचे बीजाणू मात्र लांबट, सुमारे 30 मायक्रॉनांचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तीसपट, आणि त्यांवर उभ्या बारीक रेषा. कॉटन ब्लू नावाच्या रंगद्रव्यात त्या अधिक ठळक होतात. हे सारे जुळले म्हणजे पेला 'कुकीना' वंशातला ठरतो. कुक या इंग्रज कवकशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ 1891 साली हे नाव दिले गेले. सह्याद्रीच्या दमट रानात कुजक्या लाकडावर कुकीनाचे पेले आढळतात. शहराच्या बागेत सापडला तर तो पाहुणाच म्हणावयाचा. पुढे जातीचा निर्णय केसांवरून होतो : लांब केस सर्व बाहेरील अंगावर, की आखूड केसांचे झुबके केवळ कडेजवळ ओळींनी?

येथे एक पथ्य सांगितले पाहिजे. कुकीनाच्या एका पेल्यातील पिशव्या जवळजवळ एकाच वेळी पिकतात. कोवळा पेला घेतला, तर बीजाणू मिळतच नाहीत. म्हणून लहानमोठे दोन-तीन पेले घ्यावेत. शिवाय पहिली पाहणी साध्या पाण्यातच करावी. जिवंत पेशीतील तेलाचे थेंब वाळल्यावर किंवा रसायनात नाहीसे होतात किंवा पालटतात. मोजमापही एका बीजाणूचे नव्हे, वीस-तीसांचे घ्यावे.

कोणी म्हणेल, आज जनुकांच्या वाचनावरून नाव मिळते, मग एवढा खटाटोप कशास? 2012 मध्ये जनुकद्रव्याचा एक तुकडा कवकांची ओळखखूण म्हणून सुचविण्यात आला हे खरे. परंतु ते वाचन ज्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहावयाचे, त्याचे नावच चुकीचे लावलेले असेल, तर नवी साक्षही खोटीच ठरते. नाव आधी पिशवी आणि बीजाणू पाहून नीट लावलेले हवे.

आणि नमुना जपलेलाही हवा. 1946 साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीच्या, म्हणजेच आजच्या आघारकर संशोधन संस्थेच्या, अजरेकर कवक-संग्रहात असे वाळवलेले नमुने आपल्या पुण्यातच ठेवलेले आहेत. ज्या कवकाचा नमुना नाही, त्याची पुन्हा तपासणी करता येत नाही. ते केवळ ऐकीव राहते. म्हणून पेला कागदाच्या पाकिटात घालून वाळवावा आणि वर चार गोष्टी लिहाव्यात : ठिकाण, तारीख, कशावर उगवला होता, आणि ताजा असतानाचा रंग. फांदी बाहेरून आणलेली असेल, तर तेही लिहावे. एवढे काम सूक्ष्मदर्शक नसलेल्या नागरिकालाही करता येते, आणि त्याच्या पाकिटावाचून शास्त्रज्ञाचा सूक्ष्मदर्शक रिकामाच राहतो.