गेम भरून मिळतील

यात्रेत खेळण्यांच्या दुकानात टांगलेल्या ब्रिक गेमवर ‘९९९९ इन १’ असं ठळक छापलेलं असायचं. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांची यात्रा असो की खरसुंडीच्या सिद्धनाथाची, आकडा तोच. आत चार बिटांची एक चिप, दहा बाय वीस चौकोनांचा पडदा, पेन्सिल सेल आणि मोजायला बसलं तर दहा-पंधरा खेळ. उरलेला आकडा वेग आणि पातळी बदलून फुगवलेला. ते खेळ चिपमध्ये कोणी बसवले, याचा पत्ता डब्यावर कधी नसे.

खेळ लिहिणाऱ्यांवर पुस्तकं निघाली, माहितीपट झाले. ते खेळ बांधून, भरून, कधी मूळ नाव ठेवून आणि बहुतेकदा खोडून हातातल्या यंत्रापर्यंत पोचवणाऱ्यांची दखल फारशी कुणी घेतली नाही. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत तर खेळ आले ते याच मंडळींच्या वाटेनं. गेल्या तीसेक वर्षांचा हा मागोवा त्यांच्या कामाचा आहे. त्यात कौतुक आहे, तक्रारही आहे.

निन्टेंडोचा फॅमिकॉम जपानात १९८३ साली आला. नव्वदच्या दशकात आपल्याकडच्या टीव्हीला जोडली गेली ती बहुतेक ठिकाणी त्याची नक्कल. दुकानात त्या यंत्राला ‘व्हिडिओ गेम’ म्हणत, कार्ट्रिजला ‘कॅसेट’ आणि कंट्रोलरला ‘रिमोट’. कॅसेटवर ‘६४ इन १’पासून पुढे वाटेल तो आकडा. पण बांधणी म्हणून पाहिलं तर ही कॅसेट हुशारीचं काम होतं. फॅमिकॉमचा प्रोसेसर कार्ट्रिजमधला साधारण ३२ किलोबाइट प्रोग्रॅमच एका वेळी पाहू शकतो. ‘बॅटल सिटी’, म्हणजे आपला ‘टँक’, चित्रांसकट २४ किलोबाइटचा. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४०चा. असे अनेक खेळ एका मोठ्या चिपमध्ये ओळीनं रचायचे, सुरुवातीला यादी दाखवणारा छोटा प्रोग्रॅम ठेवायचा आणि निवडलेल्या खेळाचाच तुकडा प्रोसेसरपुढे सरकवणारं सर्किट बसवायचं. यादी लांबवायला एकच खेळ तीन नावांनी तीन वेगळ्या टप्प्यांवरून सुरू करून द्यायचा. शेवटी पहिल्या पडद्यावरून कंपनीचं नाव पुसायचं. ‘रोड फायटर’ आणि ‘कॉन्ट्रा’ हे दोन्ही एकाच कोनामीचे, हे इथल्या कित्येकांना मोठेपणी कळलं ते यामुळे.

नक्कल करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट केली, तिचा परिणाम आजही हाताला जाणवतो. जपान आणि अमेरिकेतला टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र रंगवायचा, आपला ‘पाल’ पद्धतीचा टीव्ही ५० वेळा. त्या काळचे बहुतेक खेळ आपलं घड्याळ चित्रावरच चालवत: एक चित्र, एक पाऊल. पाल पद्धतीसाठी काढलेल्या नकलेच्या चिप चित्र ५० वेळाच काढत, पण प्रोसेसरचा वेग जवळजवळ जपानी यंत्राइतकाच ठेवत. त्यामुळे गाडी, गोळी, संगीताची लय, सगळं एक षष्ठांशानं संथ आणि सूर मात्र जवळपास मूळचेच.

आता चाळिशीतला गृहस्थ हातात मावणाऱ्या यंत्रावर ‘रोड फायटर’ लावतो आणि समोरच्या गाड्या अंगावर येतात. त्याला वाटतं, वय झालं. वय झालंच आहे, पण सेटिंगही चुकलेलं आहे. इम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा प्रोग्रॅम, ६०च्या वेगानं पळतोय. एफसीईयूएक्स आणि मेसेन या इम्युलेटरांत ‘डेंडी’ नावाचा एक पर्याय असतो. १९९२ साली रशियात विकायला आलेल्या अशाच एका नकलेचं ते नाव. तो निवडला की लहानपणीची लय परत मिळते. रशियातल्या त्या नकलेला इम्युलेटरच्या यादीत नावानिशी जागा मिळाली. आपल्याकडे त्याच घराण्यातली यंत्रं वापरून लोक मोठे झाले, पण त्या यंत्रांच्या नावाचा पर्याय कुठे नाही. माझं मत विचाराल तर भारतीय खेळणाऱ्यासाठी इम्युलेटर आणि खेळ यांचं पॅकेज बांधणाऱ्यानं हा पर्याय आधीच चालू करून द्यावा. सेटिंगच्या फायलीतली एक ओळ, एवढंच काम आहे.

लाइट जाण्याचंही असंच. दोन हजारच्या दशकात ग्रामीण महाराष्ट्रानं भारनियमनाचे तासन्‌तास काढले. ‘कॉन्ट्रा’ शेवटाला आला असताना वीज गेली की सगळं मुसळ केरात, कारण कुठवर पोचलो ते लिहून ठेवायची सोय त्या कॅसेटमध्ये नव्हती. इम्युलेटर ते यंत्रच प्रोग्रॅमच्या रूपात चालवतो, म्हणून त्याला ते हव्या त्या क्षणी गोठवता येतं. फॅमिकॉमची कामाची मेमरी २ किलोबाइट, चित्राची तितकीच, वर थोडी किरकोळ नोंद; एवढं फायलीत उतरवलं की झाली ‘सेव्ह स्टेट’. काही कडवे खेळाडू याला लबाडी म्हणतात. त्यांनी कधी भारनियमनाचं वेळापत्रक पाहून खेळायला बसावं.

इम्युलेटर सर्वसामान्यांच्या संगणकावर आले ते १९९७च्या आसपास. त्या वर्षी फेब्रुवारीत निकोला साल्मोरिया यांचा व्हिडिओ गेम पार्लरमधल्या खेळांसाठीचा ‘मेम’ आला, एप्रिलमध्ये फॅमिकॉमसाठीचा ‘नेस्टिकल’. त्याआधी मरात फैझुलिन यांच्या ‘आयनेस’ या इम्युलेटरनं एक छोटी पण टिकाऊ सोय करून ठेवली होती: कॅसेटमधून काढलेल्या खेळाच्या सुरुवातीला १६ बाइटची पट्टी. प्रोग्रॅम किती, चित्रं किती, आत कोणत्या प्रकारचं सर्किट होतं, एवढीच माहिती तीत. आज हातातल्या यंत्रावर फॅमिकॉमचा कोणताही खेळ उघडतो तो बहुधा हीच पट्टी वाचून. त्या पट्टीत खेळाच्या कर्त्यासाठी मात्र एक बाइटसुद्धा राखलेला नाही.

आपल्याकडे ‘मेम’चा अर्थ एकच होता: मुस्तफा. कॅपकॉमचा १९९३ सालचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ त्यातल्या एका पात्राच्या नावानं भारतभर ओळखला जातो. महाबळेश्वरच्या बाजारपेठेतल्या पार्लरमध्ये नाणी टाकून जे खेळ खेळायचे, ते सायबर कॅफेच्या संगणकावर फुकट मिळतात ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. इम्युलेटर, खेळ आणि सेटिंग एकाच फोल्डरमध्ये, वर एक शॉर्टकट. हा फोल्डर सीडीवरून, मग पेन ड्राइव्हवरून फिरत राहिला. तो पहिल्यांदा कोणी जुळवला कोण जाणे, पण काम चोख होतं: नव्या संगणकावर टाका, डबल क्लिक करा, चालतं.

खरी गंमत यानंतरची आहे. साताऱ्याच्या पोवई नाक्यावर काय, सांगलीच्या हरभट रोडला काय, मोबाइलच्या दुकानाबाहेर पाटी लागली: ‘गाणी, व्हिडिओ, गेम भरून मिळतील’. मेमरी कार्ड काढून द्यायचं आणि अर्ध्या तासानं यायचं. गाण्यांचं काम सोपं. फाइल कॉपी केली की झालं. गेमचं तसं नव्हतं. जावा फोनसाठीचा खेळ ‘जार’ फायलीत यायचा, आणि एकाच खेळाची जार पडद्याच्या मापाप्रमाणे वेगळी असायची. नोकिया ३११० क्लासिकला १२८ बाय १६०, ६३००ला २४० बाय ३२०. चुकीची जार टाकली तर खेळ कोपऱ्यात चालायचा, कापला जायचा किंवा उघडायचाच नाही. म्हणून काउंटरवरच्या मुलाचा पहिला प्रश्न ‘कोणता हँडसेट?’ हा असे, आणि उत्तर ऐकून तो नेमक्या फोल्डरमध्ये हात घाली. कोणत्याही पुस्तकात नसलेलं हे कोष्टक त्याला पाठ होतं. पॅकेजिंग नावाच्या कामातला निम्मा भाग हाच असतो: हे कशावर चालेल?

याच काळात ब्योर्न कार्लिन यांचा ‘मीबॉय’ आला. निन्टेंडोच्या गेम बॉय या हातातल्या यंत्राचा हा इम्युलेटर जावा फोनवर चालायचा, आणि त्याच्यासोबत संगणकावर चालणारा एक बांधणी-प्रोग्रॅम होता. त्याला गेम बॉयच्या खेळांच्या फायली दाखवायच्या. तो इम्युलेटर आणि खेळ मिळून एकच जार काढून देई. फोनला वाटे, एक नवा गेम आला. यंत्रात यंत्र घालून वर एकच कापड गुंडाळण्याची ही युक्ती मला अजूनही या सगळ्या मागोव्यातली सर्वांत देखणी वाटते.

बाहेरच्या जगात तेव्हा या कामाला शिस्त लागत होती. दक्षिण कोरियातून २००१ साली जीपी३२ हे हातात मावणारं यंत्र आलं आणि २००५ साली लिनक्सवर चालणारा जीपी२एक्स. चीनमधून २००९च्या सुमारास डिंगू ए३२० आला आणि हौशी मंडळींनी त्यावरही लिनक्स चढवलं. २०१० साली पँडोरा निघाला. या यंत्रांना कार्ड लागायचं, आणि कार्डावर विंडोज पद्धतीची फाइल-व्यवस्था असल्यामुळे लिनक्सच्या परवानग्या, दुवे वगैरे त्यावर टिकायचे नाहीत. उपाय असा निघाला की अख्खा प्रोग्रॅम, त्याची चित्रं, लागणाऱ्या लायब्ररी, सगळं दाबून एका फायलीत भरायचं आणि यंत्रानं ती फाइल जणू वेगळी डिस्क आहे असं समजून जोडायची. पँडोरावर या फायलीला पीएनडी म्हणत, डिंगूच्या वारसांवर ओपीके. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवात हळद भरून तोंड लिंपून टाकत, तशी ही फाइल बंद: आतलं बदलता येत नाही, खेळणाऱ्याची प्रगती आणि सेटिंग बाहेर दुसऱ्या जागी लिहिली जातात. म्हणून खेळ काढून टाकायचा तर एक फाइल पुसायची, मागे कचरा नाही. आणि ओपीकेच्या आत एक साधी मजकुराची फाइल असते: नाव, वर्णन, चिन्ह, कोणत्या यंत्रासाठी. २०१३ साली किकस्टार्टरवरून पैसे उभे करून निघालेला जीसीडब्ल्यू झिरो आणि २०१९चा अँबरनिकचा आरजी३५० हे याच वाटेवरचे.

ही यंत्रं साताऱ्या-सांगलीच्या बाजारात दिसली नाहीत. त्यांच्यामागची विद्या मात्र इथे होती. सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७चं, कराडचं शासकीय अभियांत्रिकी १९६०चं. वालचंदमध्ये विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे. लायब्ररी सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम उघडत नाही, ही तक्रार ज्यानं लिनक्सवर एकदा सोडवली, त्याला ओपीके उलगडायला एक संध्याकाळ पुरावी.

यंत्रं आली ती २०२०नंतर, कुरियरनं. अँबरनिकचा आरजी३५१, मग मियू मिनी, मग त्यांच्याहून स्वस्त आर३६एस. आता पॅकेजिंगचे दोन संप्रदाय एकाच कार्डावर शेजारी नांदतात, आणि माझी तक्रार इथेच आहे.

पहिला संप्रदाय पोर्टमास्टरचा. २०२१पासून वाढलेला हा स्वयंसेवकांचा संग्रह. त्यातल्या प्रत्येक पॅकेजमध्ये सुरू करणारी एक स्क्रिप्ट, लागणाऱ्या लायब्ररी, बटणं म्हणजे कीबोर्डच्या कोणत्या कळा याचं कोष्टक आणि माहितीची फाइल. त्या फायलीत खेळ यंत्रावर कोणी आणला त्याचं नाव असतं आणि खेळणाऱ्यानं स्वतः काय आणायचं तेही. ‘डूम’चं उदाहरण घ्या. त्याचा मूळ कोड १९९७च्या डिसेंबरात खुला झाला, पण पूर्ण खेळाच्या नकाशांची आणि चित्रांची फाइल विकत घ्यावी लागते. नीट बांधलेलं पॅकेज इंजिन देतं आणि त्या फायलीची जागा रिकामी ठेवतं. ही रिकामी जागा म्हणजे बांधणाऱ्याचा प्रामाणिकपणा.

दुसरा संप्रदाय आर३६एससोबत येणाऱ्या कार्डाचा. जाहिरातीत पंधरा हजार खेळ; अर्थात एकच खेळ चार देशांच्या आवृत्त्यांत. आतली आर्कओएस ही प्रणाली दुसऱ्या यंत्रांसाठी लिहिलेली, उचलून बसवलेली. बिनकंपनीचं कार्ड इतकं तकलादू की जाणकार पहिला सल्ला देतात तो ते बदलण्याचा. कर्त्याचं नाव पुन्हा गायब. आपला कॉपीराइट कायदा, १९५७ कलम ५२मध्ये रीतसर मिळवलेल्या प्रोग्रॅमची राखीव प्रत ठेवायला आणि एका प्रोग्रॅमचं दुसऱ्याशी जुळावं म्हणून अभ्यास करायला मुभा देतो. इम्युलेटर लिहिणं त्या मुभेच्या सावलीत बसू शकतं. हजारो खेळ भरून कार्ड विकणं बसत नाही. तरी बाजारात खपतं तेच, कारण त्यात काही करावं लागत नाही.

एक काम मात्र या दोघांतही मागे पडलंय: आपल्याकडच्या जुन्या जावा खेळांचं. विशाल गोंदल यांनी १९९९ साली मुंबईत सुरू केलेल्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी भारतीय फोनसाठी जावा खेळ काढले. फ्रीजेटूएमई या प्रोग्रॅममुळे असे खेळ आजच्या हातातल्या यंत्रावर चालू शकतात. आणि गंमत म्हणजे दुकानातल्या मुलानं नाव खोडलं नव्हतं, कारण जारच्या आत मॅनिफेस्ट असतं आणि त्यात विक्रेत्याची ओळ असल्याशिवाय फोन खेळ घेतच नसे. अडगळीतल्या जुन्या फोनच्या कार्डात ते खेळ नावासकट आहेत, पण कार्डातली मेमरी वर्षानुवर्षं पडून राहिली की हळूहळू पुसट होते. कॉपी करून झाल्यावर पॅकेज बांधायला दोन गोष्टी लागतील: कोणत्या खेळाला पडद्याचं कोणतं माप, आणि दोन-चार-सहा-आठच्या कळा कोणत्या बटणांवर. यातली पहिली दुकानांतल्या त्या मुलांना तोंडपाठ होती. काही जण अजून त्याच काउंटरवर आहेत, स्क्रीनगार्ड बसवून देतात.