परदेशातून नागपूरला येताना

आंबागड-तुमसर परिसरातील मुले परदेशी शिकावयास गेली, की त्यांना परतताना बहुधा मुंबई किंवा दिल्लीला विमान बदलावे लागते. बॅगेवर नागपूरची चिठ्ठी लावलेली असली तरी विद्यार्थी बंधू-भगिनींनी निर्धास्त राहू नये. आपण देशात प्रथम जेथे उतरतो, तेथेच पासपोर्टची तपासणी व कस्टम होते. म्हणून सर्वसाधारणपणे आपली बॅग आपणच पट्ट्यावरून उचलून, कस्टममधून बाहेर काढून, पुढच्या विमानासाठी पुन्हा काउंटरवर द्यावी लागते. आमच्यातील एक जण हे न जाणता पुढे निघून गेला. तो नागपूरला पोचला, आईची औषधे मात्र मुंबईतच राहिली!

पुढचे विमान कोणत्या टर्मिनलवरून सुटते तेही तिकिटावर पाहावे. मुंबईत सहारच्या टर्मिनल २ वरून सांताक्रूझच्या टर्मिनल १ कडे जाणे म्हणजे रस्त्याने जाणे, आणि तेथील वाहतूक सर्वांना ठाऊक आहेच. आम्ही तर चार तास हाती ठेवा असेच सांगतो.

दोन वेगळी तिकिटे स्वस्त पडतात खरी. परंतु पहिले विमान उशिरा आल्यास दुसरी कंपनी सहसा जबाबदारी घेत नाही. नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळावर रात्री उतरणाऱ्यांनी घरी आधी कळवावे. तुमसर रोडला गाडी मिळाली तरी तेथून आंबागडचे वाहन मिळेलच असे नाही.