माळवदाचे थर आणि त्यांचं वजन

लातूर-नांदेडच्या खेड्यांत मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत बसवत नाही. पारा ४० अंशांच्या पुढे असतो. शेजारच्या जुन्या माळवदाच्या घरात मात्र म्हातारी माणसं निवांत झोपलेली दिसतात. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं सपाट छप्पर, असं हे घर. त्याचा गारवा छपरातल्या थरांतून येतो. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात हेच थर जिवावर उठले. दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मातीची जाडी.

थर कसे रचतात

माळवदाचं घर खणांत, म्हणजे दोन खांबांमधल्या गाळ्यांत मोजतात. आधी लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं आणि त्यांवर किलच, म्हणजे फळ्यांचे तुकडे. किलचांच्या फटींतून माती गळू नये म्हणून त्यावर कुठं निंबाचा पाला, कुठं तुराट्या अंथरतात. मग चिखलाचा थर, आणि तो वाळला की सगळ्यात वर पांढरी माती. ती चोपून घट्ट करतात. छपराला किंचित उतार देऊन कडेला पन्हाळ सोडतात.

पांढरीच का?

गावगाड्यात ‘काळी’ म्हणजे शेतजमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. जुन्या वस्तीच्या टेकाडात राख, चुनखडी, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या मिसळत गेलेली असते. तीच ही पांढरी. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. उन्हाळ्यात शेतात दिसणारी ती भेग छतावर पडली, तर पहिल्याच पावसात घर गळेल. पांढरी फारशी फुगत नाही. चोपल्यावर तिचे बारीक कण घट्ट बसतात आणि पाणी वरच्या वर पन्हाळाकडे वाहतं. रंग फिका असल्यानं थोडं ऊनही ती परत फेकते.

गिलावा, सारवण, पोतारा

भिंतींचे थर पातळ असतात. मातीत भुसा मिसळून ती काही दिवस कुजवली, की गिलावा तयार होतो. भुशाचे तंतू वाळणाऱ्या मातीला फाटू देत नाहीत. ही युक्ती जुनी आहे: वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचं राजदेव सिंह आणि मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ साली मांडलं. गिलाव्यावर शेणाचं सारवण, आणि सणावाराला पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा पोतारा. पोताऱ्यानं घर उजळतं आणि भिंतीच्या बारीक चिराही बुजतात.

इंचाइंचानं चढलेलं ओझं

पावसानं पांढरी थोडी धुपते, गवत उगवतं, एखादी जागा गळते. म्हणून मृगाआधी वर नवी पांढरी टाकायची रीत पडली. जुनी मात्र सहसा कुणी काढत नसे. असं करत करत काही घरांवर दीड-दोन फुटांहून जास्त माती साठली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती म्हणजे साडेसहा-सात टन. त्यावर एकच इंच वाढला, तरी साडेतीनशे किलोची भर.

घर स्थिर असेपर्यंत तुळया हा भार मुकाट्यानं पेलतात. जमीन आडवी हलली, की जितकं वजन तितका हिसका.

३० सप्टेंबर १९९३

अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून गावं झोपली होती. पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जमीन हादरली. सरकारी नोंदीप्रमाणे ७,९२८ माणसं गेली.

जाड दिसणारी भिंतही थरांचीच होती. बाहेर दगडांचा एक पदर, आत दुसरा, मध्ये मुरूम-माती. दोन्ही पदरांना बांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. हिसक्यासरशी पदर सुटले, भिंती ढासळल्या, वरून माती आली. जिथं खांब आणि तुळयांचा सांगाडा मजबूत होता, तिथं भिंती पडूनही काही माळवदं खांबांवर उभी राहिली.

पातळ थराचं बळ

राखण करणारा थर जाडच असावा लागतो असं नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची मुख्य वास्तू महाराजा रणजितसिंहांनी १८३२ ते १८३७ या काळात बांधवली. तिच्या घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेले तांब्याचे पत्रे आहेत. सोनं गंजत नाही, त्यामुळे त्याचा अगदी पातळ थरही खालच्या तांब्याला हवापाण्यापासून जपतो आणि झळाळी देतो.

माळवद राखायचं तर

भूकंपानंतर माळवदाच्या घरांसाठी सुचवलेले उपायही ओझं कमी करून पातळ थरावर भागवण्याचेच होते. छतावरची माती सुमारे २०० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे आठ इंचांवर आणायची. पाणी अडवायला मातीखाली प्लॅस्टिकचा कागद घालायचा, म्हणजे गळतीपायी माती वाढवावी लागत नाही. खांब आणि तुळईच्या कोनात तिरप्या लाकडी पट्ट्या ठोकायच्या, आणि भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे सांधे घालायचे.

माती कमी झाली की गारवाही थोडा कमी होतो, पण आठ इंच पांढरी पत्र्यापेक्षा कितीतरी थंड असते. मृगाआधी छतावर चढताना टोपलीबरोबर खोरंही न्यावं: आधी जुनी पांढरी खरवडून खाली टाकायची, मग नवी चढवायची.