मोहरीचे आईबाप

आपल्या स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यात मोहरीला मानाचे स्थान असते. तापलेल्या तेलात ती तडतडली, की फोडणी झाली असे समजावे. लोणच्यासाठी ती पाण्यात फेसली, की तिचा झणका थेट नाकात शिरतो आणि डोळ्यांत पाणी उभे राहते. अख्खा दाणा मात्र कितीही हुंगला तरी त्याला असा वास येत नाही. याचे कारण असे, की त्या इवल्याशा दाण्यात दोन द्रव्ये निरनिराळ्या ठिकाणी साठविलेली असतात. दाणा चिरडून ओला झाला म्हणजे ती एकत्र येतात आणि त्यांपासून तिखट तेल उत्पन्न होते. कुरतडणाऱ्या किड्यांना दूर ठेवण्याची ही वनस्पतीची योजना होय. माणसाने तिचा उपयोग लोणच्यासाठी करून घेतला, एवढेच.

हा तिखटपणा एकट्या मोहरीचा नाही. मुळा, कोबी, फुलकोबी, नवलकोल, सलगम, अळीव ही सारी तिचीच भाऊबंद आहेत. परसातील मुळा फुलावर आला, की त्याचे एखादे फूल निरखून पाहा. बेरजेच्या चिन्हाप्रमाणे समोरासमोर मांडलेल्या चार पाकळ्या आणि सहा पुंकेसर, त्यांतही चार लांब व दोन आखूड, असा त्याचा थाट दिसेल. मोहरीचे फूल याच घाटाचे असते.

या कुळाचे रूप फसवे आहे. कोबी, फुलकोबी आणि नवलकोल या तीन भाज्या दिसण्यात किती वेगळ्या! कोबीचा गड्डा म्हणजे पानांनी घट्ट मिटलेला शेंडा, फुलकोबी म्हणजे दाटून मांसल झालेला फुलोरा आणि नवलकोल म्हणजे फुगलेले खोड. तरीही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने या तिन्ही एकाच जातीच्या आहेत. उलट, ज्या मोहऱ्यांचे दाणे शेजारी शेजारी ठेवले तर आपली नजर चुकेल, त्या मात्र भिन्न जातींच्या असू शकतात. फोडणीत आपण घालतो ती मोहरी काळपट दिसते खरी. पण शास्त्रज्ञ जिला काळी मोहरी म्हणतात, ती जातच वेगळी आहे.

मग या जातींचे परस्परांशी नाते काय? ते डोळ्यांनी पाहून ठरत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक यंत्र हवे.

प्रत्येक सजीवाचे शरीर पेशींचे बनलेले असते आणि पेशीच्या केंद्रात सूक्ष्म धाग्यांसारखी गुणसूत्रे असतात. आईबापांचे गुण संततीत उतरतात ते या गुणसूत्रांच्या द्वारे. गुणसूत्रे जोडीजोडीने असतात. जोडीतील एक आईकडून व एक बापाकडून आलेले असते. पराग किंवा बीजांड तयार होताना प्रत्येक जोडीची फारकत होते आणि परागात निम्मीच गुणसूत्रे जातात. कोबीच्या पेशीत १८ गुणसूत्रे असतात, तर तिच्या परागात ९. आता ही परागातली संख्याच आपण ध्यानात ठेवू. काळ्या मोहरीची संख्या ८, कोबीची ९ आणि सलगमाच्या जातीची १०. (उत्तर भारतातील पिवळी सरसों याच सलगमाच्या जातीत मोडते.) आपल्या नेहमीच्या मोहरीची संख्या मात्र भरते १८. युरोपात व कॅनडात तेलासाठी जिची मोठी लागवड होते त्या रेप नावाच्या वनस्पतीची १९, आणि आफ्रिकेतील इथिओपियात पिकणाऱ्या मोहरीची १७.

८, ९, १० आणि १७, १८, १९. गणितात गोडी असणाऱ्या विद्यार्थ्याला येथेच काहीतरी खुणावेल. ८ आणि १० मिळून १८ होतात, ९ आणि १० मिळून १९, आणि ८ आणि ९ मिळून १७!

परंतु आकडे जुळले म्हणजे नाते सिद्ध झाले, असे शास्त्र मानीत नाही. जपानमधील मोरिनागा तोशितारो या संशोधकाने १९२८ च्या सुमारास या जातींचे आपसांत संकर घडवून पुरावा गोळा करण्यास आरंभ केला. त्यामागची युक्ती फार सुंदर होती. मोहरीचा सलगमाच्या जातीशी संकर केला, तर संततीला एकीकडून १८ व दुसरीकडून १० अशी २८ गुणसूत्रे मिळतात. पराग तयार होण्याच्या वेळी सारखी गुणसूत्रे एकमेकांजवळ येऊन जोड्या लावतात; ज्याला सोबती नसतो ते एकटे राहते. या संकरित झाडात १० जोड्या लागल्या आणि ८ गुणसूत्रे एकटी उरली. याचा अर्थ उघड होता. मोहरीच्या १८ गुणसूत्रांपैकी १० सलगमाच्या घराण्यातली होती.

आता राहिले ते शेवटचे आणि सर्वांत अवघड काम. दोन जातींपासून तिसरी जात निर्माण झाली असेल, तर ती पुन्हा निर्माण करून दाखवता आली पाहिजे. हे काम ज्यांनी केले, त्यांचे नाव नागाहारू ऊ. त्यांचे आडनाव एका अक्षराचेच आहे.

ऊ यांनी सलगमाची जात आणि कोबी यांचा संकर करण्याचे ठरविले. असा संकर करताना कळी उमलण्यापूर्वीच चिमट्याने तिचे पुंकेसर काढून टाकावे लागतात, दुसऱ्या झाडाचा पराग तिच्यावर लावावा लागतो आणि एखादी मधमाशी भलताच पराग आणून घालू नये म्हणून ती पिशवीने झाकावी लागते. एवढे करूनही बहुतेक कळ्या फुकट जातात, कारण दूरच्या जातींचे बीज सहसा धरतच नाही. आणि धरले तरी पुढे आणखी एक अडचण असते. १० आणि ९ मिळून झालेल्या त्या १९ गुणसूत्रांना नीट जोडीदार सापडत नाहीत, म्हणून झाड वांझ राहते. पण क्वचित निसर्गात एक चमत्कारिक घटना घडते. गुणसूत्रांची निम्मी वाटणी व्हायची राहून जाते आणि संततीत त्यांची संख्या दुप्पट होते. मग १९ च्या ३८ झाल्या, की प्रत्येकाला आपली जोडी मिळते आणि झाड फळते. ऊ यांच्या हाती अशी झाडे आली. ती रेपचीच झाडे होती! निसर्गाने पूर्वी केव्हातरी केलेली बेरीज त्यांनी शेतात पुन्हा करून दाखविली. हा शोध १९३५ साली प्रसिद्ध झाला.

वहीत एक त्रिकोण काढा. त्याच्या तीन कोनांवर ८, ९ व १० लिहा आणि प्रत्येक बाजूवर तिच्या दोन टोकांची बेरीज मांडा. जगभरचे शास्त्रज्ञ या आकृतीला ‘ऊ यांचा त्रिकोण’ म्हणतात. पुढे १९४३ साली रामानुजम् व श्रीनिवासाचार या भारतीय संशोधकांनी कृत्रिम संकराने मोहरी निर्माण केल्याचे प्रसिद्ध केले. म्हणजे त्रिकोणाची आणखी एक बाजू प्रयोगाने पक्की झाली. अलीकडे, २०१४ साली, रेपच्या गुणसूत्रांतील सर्व मजकूर वाचण्यात आला. तेव्हाही सलगम व कोबी यांचेच वारसे त्यात शेजारी शेजारी आढळले. एक जात फाटून तिच्या अनेक जाती होतात, हे त्यापूर्वी सर्वमान्य होते. दोन जाती एकत्र येऊनही तिसरी जन्मते, हे या त्रिकोणाने इतके स्वच्छ दाखविले, की त्याचे महत्त्व मला कोणत्याही नव्या वाणाहून मोठे वाटते.

ऊ यांचे स्वतःचे आयुष्यही सरळ नव्हते. त्यांचा जन्म १८९८ साली टोकियोत झाला. आई जपानी, वडील कोरियन. १८९५ साली कोरियाच्या राणीचा वध झाला, त्या कटात वडिलांचा हात होता. म्हणून ते जपानात पळून आले होते. १९०३ साली त्यांचीही हत्या झाली. घरी गरिबी आली आणि लहानग्या ऊ यांना काही काळ अनाथाश्रमात काढावा लागला. जपानात राहून शिक्षण व नोकरी करूनही त्यांनी आपले कोरियन आडनाव सोडले नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर कोरिया स्वतंत्र झाला, तेव्हा तेथे भाजीपाल्याच्या चांगल्या बियाण्याचा दुष्काळ होता; पूर्वी ते जपानातून येई. कोबी-मुळा खारवून केलेली किमची तेथील माणसाच्या रोजच्या जेवणात असते. तेव्हा बियाणे नाही म्हणजे ताटच रिकामे! कोरियाने ऊ यांना बोलावले. पत्नी व मुलांना जपानात ठेवून १९५० साली ते बुसान शहरी आले. तेथे त्यांचे नाव जांगचुन असे उच्चारतात. त्याच वर्षी युद्ध पेटले, तरी त्यांनी काम थांबविले नाही. चिनी कोबी व मुळा यांचे उत्तम बियाणे देशातच तयार होऊ लागले.

१९५३ साली त्यांची आई जपानात वारली. तिच्या अंत्यविधीला जाण्याची परवानगी त्यांना सरकारकडून मिळाली नाही. सांत्वनासाठी लोकांनी पाठविलेल्या पैशांतून त्यांनी संस्थेच्या आवारात एक विहीर खोदविली, कारण तेथे पाण्याची अडचण होती. ‘मायेच्या दुधाचा झरा’ अशा अर्थाचे नाव त्यांनी तिला दिले. १९५९ साली ऊ यांचे निधन झाले. बुसान येथे आता त्यांचे स्मारक आहे आणि ती विहीर तेथे जतन केलेली आहे.